पाऊस चार महिने, कोळसा बारा महिने

"बस. मी तं बसेलच आहो."

घरी कोणीही आलं की बाई आधी हेच म्हणायच्या. म्हणता म्हणता दोन्ही हातांनी आपला उजवा पाय उचलून सरळ ठेवायच्या, मग डावा. पाहुण्यांसमोर दोन हट्टी पोरांना नीट बसवावं तसं. नवखा माणूस हसावं की नाही या विचारात उभाच राहायचा, आणि त्याची फजिती बाई मिस्कीलपणे पाहत राहायच्या.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. त्यांचा भाऊ त्यांना बाई म्हणायचा, म्हणून राजूरची आमची सगळी गल्लीच बाई म्हणू लागली. आयुष्यभर त्यांनी वणीला एका वकिलाकडे टायपिंग केलं, एकट्या राहिल्या. पुढे कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून जाताना पडल्या आणि कंबरेखालचं शरीर गेलं. धाकट्या भावानं त्यांना राजूरला आपल्या घरी आणलं. भाऊ कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर होता. मी समोरच्या घरात शिवणकाम करते. माझी मशीन खिडकीशी आणि खिडकीसमोर त्यांची छपरी, म्हणजे टिनाखालची उघडी ओसरी, त्यामुळे जे सांगते आहे ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाईंनी नागपूरहून बॅटरीवर चालणारी खुर्ची मागवली तेव्हा गल्ली बघायला जमली. खुर्ची झकास होती, पण घराच्या दारातून आत जाईना. शेवटी ती छपरीतच राहिली. भावानं पायऱ्यांवर सिमेंटचा उतार केला. सकाळी भाऊ आणि वहिनी बाईंना उचलून खुर्चीत बसवत, आणि बाई निघत. कुठे? तर बस स्टँडजवळ, चहा प्यायला. वहिनी म्हणायची, चहा घरीही होतो की. बाईंचं उत्तर ठरलेलं: "घरच्या चहाले रस्ता नाही न पडत."

खुर्ची छपरीत, म्हणून चार्जरही छपरीतच. खुर्चीबरोबर आलेला चार्जर घरात वापरायचा होता. अंगाला भोकं, आत छोटा पंखा. राजूरला तुम्ही कधी आला असाल तर ठाऊक असेल, इथे सकाळी झाडलेली छपरी दुपारी पुन्हा काळी होते. पंखा हवेबरोबर कोळशाची भुकटी आत ओढत राहिला. मग पावसाची तिरपी झड आली, त्या भुकटीचा चिखल झाला आणि चार्जर गेला.

त्यानंतर बाई पहिल्यांदा कोंडल्या. आतल्या खोलीत एक पलंग आणि एक उंच खिडकी. पडल्या पडल्या तिच्यातून टिनाचा तुकडा दिसायचा. नवा चार्जर येईपर्यंत तेवढंच जग. मी गेले की त्या रस्त्याची चौकशी करायच्या, एखाद्या नातेवाइकाची करावी तशी. चहावाल्यानं बाकडं हलवलं का, रेल्वे फाटकाजवळचा खड्डा बुजवला का.

दुसरा चार्जर भावानं आणला, तोही तसाच. पण या वेळी त्यानं शक्कल लढवली. प्लास्टिकचा जाड डबा आणून चार्जर त्यात ठेवला, वायरपुरतं भोक पाडलं आणि कडा चिकटवून टाकल्या. धूळ नाही, पाणी नाही. तो फार खूश होता. बाईंनी एकदा डब्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हा तापते रे. भाऊ म्हणाला, चार्जर तापतेच.

तो तापून मध्येच बंद पडत असणार. बॅटरी अर्धीच भरत होती आणि कोणाला कळत नव्हतं. एक दिवस बाई चहा पिऊन परतत असताना खुर्ची रेल्वे फाटकाच्या अलीकडे थांबली. मागे कोळशाचे ट्रक, पुढे ट्रक, भोंगे. बाईंना खाली उतरता येत नाही, खुर्ची एकट्याला ढकलता येत नाही. कोणी तरी घरी फोन केला. भाऊ धावत गेला. चार माणसांनी ढकलत आणलं तेव्हा मी दारात होते. बाईंच्या तोंडावर कोळसा होता आणि त्या शांत होत्या. भाऊ मात्र छपरीत आल्यावरही खुर्चीचा दांडा सोडत नव्हता.

आठवड्याच्या आत डब्यातला चार्जर जळाला. भाऊ म्हणाला, पाहू. मग दिवाळीनंतर पाहू. मग उन्हाळ्यात कायले, ऊन किती आहे. वाईट मनानं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्यानं बाईंचा पलंग खिडकीशी सरकवला, मोठा टीव्ही लावला, रोज संध्याकाळी बस स्टँडवरून थर्मासमध्ये चहा आणू लागला. बाई तो पीत, छान आहे म्हणत. फक्त कोणी आलं की आता "बस" एवढंच म्हणत.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. उशीशी खुर्चीचं माहितीपुस्तक होतं, बारीक अक्षरांचं, वाचून वाचून मऊ पडलेलं. अडकलेल्या माणसाला वाचायला काहीही चालतं. त्यांनी मला दार लावायला सांगितलं आणि नागपूरच्या दुकानाला फोन लावला.

दुकानदार उत्साही होता. बाहेर लावायचाय? मग हाच चार्जर घ्या, पाण्याचा फवारा मारा, काही होणार नाही. बाईंनी मागच्या पट्टीचा फोटो मागवला आणि माझ्या हातात फोन देऊन मोठा करायला लावला. त्यावर आयपी अशी अक्षरं आणि पुढे दोन जागा असतात. पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. इथे पाण्याचा आकडा चांगला होता, पण धुळीच्या जागी नुसती फुली. म्हणजे धुळीची परीक्षा दिलेलीच नाही, असं बाईंनी मला समजावलं. दुकानदार म्हणत होता की खरी काळजी पावसाचीच असते.

"आमच्याकडं पाऊस चार महिने, कोळसा बारा महिने," बाई म्हणाल्या. "मले दोन्ही आकडे पायजे."

मग त्यांनी एकेक विचारून घेतलं. पंखा नसावा. सगळीकडून बंद असावा आणि बंद राहूनच चालेल असा बनवलेला असावा, अंगाच्या धातूच्या पात्यांतून उष्णता बाहेर टाकणारा. वायर आत शिरते तिथे रबर असावं. व्होल्ट खुर्चीच्या बॅटरीला जुळणारे असावेत. दुकानदाराचा उत्साह ओसरला, पण असा चार्जर त्याच्याकडे होता. बाईंनी माझा पत्ता दिला, म्हणून पार्सल माझ्या घरी आलं.

ते मी संध्याकाळी त्यांच्या पलंगावर नेऊन ठेवलं. भाऊ तिथेच होता. त्यानं खोक्यावरचं वाचलं आणि खाली बसला. खोकं हातात फिरवत राहिला.

"बाई, फाटकावर तुले तसं पाह्यलं न मी," तो शेवटी म्हणाला. "तवापासून ट्रकचा भोंगा वाजला की हातचं काम टाकून घरी फोन लावतो मी."

"मले माहीत आहे." बाईंनी पाय सरळ केला. "तो डबा तू चांगल्यासाठीच बसवलता, भाऊ. पण त्याच्यात हवा नव्हती."

भावानं खोकं बाजूला ठेवलं. थोड्या वेळानं उठला आणि शेजारून ड्रिल मागून आणलं.

चार्जर कुठे बसवायचा हे बाईंनी ठरवलं. पलंग दारापर्यंत ओढवून घेतला आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. पश्चिमेची भिंत नको, झड तिथूनच येते. टिनाच्या अगदी खाली नको, दुपारी तिथे भट्टी होते. जमिनीजवळ नको, शिंतोडे उडतात. त्या छपरीचं ऊनपाणी त्यांच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. कोंडून पडल्याचा तेवढाच उपयोग. वायरला खाली झोळ द्यायला लावला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळावरून गळून जाईल. सगळं झाल्यावर भाऊ हात झटकू लागला तर म्हणाल्या, "अन् बटन? चार्जरले रेनकोट अन् बोर्ड उघडाच?" दुसऱ्या दिवशी बोर्डालाही झाकण आलं.

बाई पुन्हा निघाल्या तेव्हा पहिले काही दिवस भाऊ मागे सायकल हातात धरून चालायचा, आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत असं तोंड करून. बाई वळून पाहत नसत. हळूहळू तो फाटकापर्यंतच, मग कोपऱ्यापर्यंतच जाऊ लागला. पावसाळा आला, झड आली, भिंतीवरचा चार्जर काळा झाला, ओला झाला आणि चालत राहिला.

पुढच्या वर्षी बाईंनी वणीत कोर्टाजवळ तळमजल्यावर एक खोली घेतली. रुंद दाराची, पुढे छोटी छपरी असलेली. अर्ज टाइप करायचं काम मिळणार होतं, आणि स्वयंपाकाला नि उचलायला-बसवायला दोन बाया ठरवल्या होत्या. वहिनी रडली. मलाही बरं वाटलं नाही. खोली पाहायला मात्र आधी भाऊच गेला. सोबत मी होते. मालक आत पंखा, नळ दाखवत होता आणि हा बाहेर छपरीत उभा राहून वारा कुठून येतो ते पाहत होता. चार्जर त्यानं स्वतः काढला, स्वतः पुसला आणि तिथे नेऊन स्वतः बसवला.

परवा कामानं वणीला गेले होते. बाईंसाठी दोन ब्लाउज शिवून नेले होते. फोन करायचं सुचलं नाही. बाई म्हटलं की घरीच असणार, ही माझी जुनी सवय. दाराला कुलूप होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, कुठे गेल्या?

"सांगून नाही जात," तो म्हणाला.

मी ब्लाउजची पिशवी त्याच्याकडे दिली. नुकताच पाऊस पडून गेला होता. छपरीच्या उतारावरून दोन ओल्या चाकोऱ्या खाली उतरल्या होत्या, कोपऱ्यापर्यंत शेजारी शेजारी गेल्या होत्या, आणि तिथे मोठ्या रस्त्याला लागून इतरांच्या चाकांत मिसळल्या होत्या.