फ्लेमिंग थोरुप बाग घेतो

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराच्या पाणीखात्यात फ्लेमिंग थोरुपइतका लांबचं पाहणारा माणूस दुसरा नव्हता. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो नव्हेच. तहान लागायच्या चाळीस वर्षं आधी तो विहिरीचा नकाशा काढून मोकळा. त्याने टाकलेले नळ शंभर वर्षं टिकणार, असं सगळे म्हणत. खरं-खोटं करायला कोणी उरणार नव्हतं, त्यामुळे बढत्या वेळेवर मिळत गेल्या आणि तो खातेप्रमुख होऊन निवृत्त झाला.

हीच अक्कल त्याने घरातही चालवली. जोडपं राहायचं तिसऱ्या मजल्यावर आणि त्याच्या बायकोला, लिसीला, हवी होती माती. शहराच्या कडेला बागसंघांचे तुकडे असतात. चार हात जमीन, एक लाकडी खोपटं, झेंड्याची काठी आणि कुंपणाची उंची मोजणारे शेजारी. तुकडा मिळायला यादीत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी फ्लेमिंगने सगळ्यांत नामांकित संघात नाव लावलं. नियम एकच होता: तीनदा नाही म्हटलं की नाव यादीच्या तळाला.

बावीस वर्षांनी पहिला तुकडा आला. फ्लेमिंगने शेजारचा अक्रोड पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

"पंधरा वर्षांनी याची सावली कुठवर येईल, विचार केलास?"

"अरे, मला बटाटे लावायचेत. बटाट्याला पंधरा वर्षं लागत नाहीत!"

"घाईने घेतलेली जमीन जन्माला पुरते, लिसी."

सात वर्षांनी दुसरा आला. त्याचा उतार उत्तरेकडे होता, म्हणून तोही गेला. नंतर ती एका गायनमंडळात जाऊ लागली, गुरुवारी आणि रविवारी. बायकोने काहीतरी मनाला लावून घेतलं, याचा फ्लेमिंगला आनंदच झाला.

तिसरा तुकडा आला तेव्हा तो सदुसष्टचा होता. तोंड दक्षिणेला, आलुबुखाराचं झाड भरलेलं. उत्तर द्यायला आठ दिवस होते. फ्लेमिंगने संघाच्या अध्यक्षबाई गुडरून यांच्याकडे एक वर्ष मागितलं, चारही ऋतूंत पाणी कुठे साचतं ते पाहायला.

"अहो, बाग आहे ही, धरण नाही," गुडरूनबाई म्हणाल्या. "आठ दिवस म्हणजे आठ दिवस."

आठव्या दिवशी त्याने दोन नकाशे जोडून लेखी नकार दिला. क्रमांक आला तीनशे शहाऐंशी.

"हरकत नाही," घरी येऊन तो उत्साहाने म्हणाला. "तिसेक वर्षांत यादी हलेलच. मधल्या काळात मातीचा नीट अभ्यास होईल."

लिसीने कोट अंगावर चढवला. मग म्हणाली, "बूट घाल."

बस शहराबाहेर, कुत्र्यांच्या शिकवणीवर्गाच्या भिंतीपाशी थांबली. विजेच्या तारांखाली एक गबाळा बागसंघ होता. यादी इतकी छोटी, की लिसीला वर्षभरात तुकडा मिळाला होता. बटाटे होते, घेवडा होता, वाकडं खोपटं होतं. लिसीच्या गायनमंडळाने सहा वर्षांत एकही जलसा केला नव्हता, हे फ्लेमिंगच्या आत्ता ध्यानात आलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू विचार केला असतास."

त्याला राग यायला हवा होता. पण समोरची माती उकरलेली, काळी, हातांनी सारखी केलेली होती आणि ते हात त्याच्या बायकोचे होते. तिची बोटं इतकी खरखरीत कधी झाली, हे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

कुंपणापलीकडून ओगे नावाचा म्हातारा डोकावला. "काय गं लिसी, आज पाहुणे?"

"हा फ्लेमिंग. माझा नवरा."

ओगेचा चेहरा पडला. त्याने घाईने टोपी काढली.

"माफ करा हं. ही नेहमी म्हणायची, फ्लेमिंगला हे आवडलं असतं. आम्ही समजलो, तुम्ही केव्हाच गेलात."

लिसीने ते खोडून काढलं नाही. तिने दुसरी खुर्ची खोपट्यातून बाहेर आणली आणि तिच्यावरची धूळ पुसायला घेतली.