गुडघा, निर्गुडी आणि पाट

आमच्या मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशी घरात सगळे पेढे खात होते आणि मी माझ्या उजव्या गुडघ्याकडे बघत बसलो होतो. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं, तेही चांगला तासभर. आणि हा पठ्ठ्या काटकोनाच्या पुढे वाकायलाच तयार नव्हता.

देवासच्या कारखान्यात माझं उभं आयुष्य मेंटेनन्स खात्यात गेलं. जाम झालेली कितीतरी यंत्रं मी सुरू करून दिली, पण स्वतःचाच सांधा जाम झाल्यावर माझी अक्कल चालेना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की ऑपरेशनची घाई नको, वजन उतरवा आणि रोज व्यायाम करा. शेजारी म्हणाले, "अरे भिया, कुर्सी लगवा लो, आजकल सब बैठते हैं." गुरुजींचीही खुर्चीला हरकत नव्हती. हरकत फक्त माझी होती. मुलगी खाली पाटावर आणि मी वर खुर्चीत बसून तिला देणार? साहेब बक्षीस वाटतो तसं? छे! मला तिच्यासमोर, तिच्या बरोबरीनं बसायचं होतं. लग्नात माझी हौस म्हणाल तर तेवढीच.

बायकोनं हे सगळं ऐकून घेतलं आणि धारला आपल्या भावाला फोन लावला. "निर्गुडीचा पाला पाठव. कोवळा बघून घे, तुऱ्यांसकट." त्यांच्या शेताच्या कुंपणाला निर्गुडीच निर्गुडी आहे. जनावरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून लावलेली. आमच्याकडे माळव्यात तिला सम्हालू म्हणतात. पानं हाताच्या बोटांसारखी फाकलेली, खालून पांढरट, आणि फुलांचे बारीक निळसर तुरे. दिसायला अगदी गरीब झुडूप, पण वास! मेहुणा बसनं पोतं घेऊन आला, तेव्हा म्हणाला की कंडक्टरनं त्याला मागच्या सीटवर पाठवून दिलं.

"वातावर याच्यासारखं दुसरं काही नाही," बायको म्हणाली. "आमच्याकडे बाळंतिणीच्या न्हाणीत घालतात, पाठ धरली की शेकतात, लचकलं मुरगळलं की बांधतात. तुम्ही नुसतं गप्प बसायचं." रोज संध्याकाळी ती पातेल्यात पाला उकळायची, माझा पाय घोंगडीखाली घेऊन वाफ द्यायची. मग एरंडेल लावलेली पानं तव्यावर गरम करून गुडघ्यावर ठेवायची आणि जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधायची. सकाळी डॉक्टरांचा व्यायाम. घरभर तो कडवट, उग्र वास भरलेला असायचा. मुलगी नाक धरून म्हणायची, "बाबा, लग्नात अत्तराची बाटली रिकामी करून या हं."

पण खरं सांगतो, दिवाळीनंतर सुरू केलेलं आणि संक्रांतीपर्यंत फरक पडला. ठणका कमी झाला, सकाळचा ताठरपणा लवकर सुटायला लागला. गुणाचं श्रेय पाल्याला द्यावं की व्यायामाला, ते मला ठाऊक नाही आणि मी त्यात पडत नाही. मी स्टुलावरून पाटापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजायला लागलो. आणि तिथंच माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला.

पातेल्यातली निम्मी वाफ तर घोंगडीबाहेर जाते, असं माझ्या मनानं घेतलं. बायको साड्यांच्या खरेदीला इंदूरला गेली होती. मी कुकरमध्ये पाला भरला, शिट्टी काढली, तिथे रबरी नळी बसवली आणि नळीचं तोंड थेट गुडघ्यावर धरलं. एकदम झकास काम! पहिलं मिनिटभर तरी मला तसं वाटलं. मग प्रेशर आलं आणि मी अशी बोंब ठोकली की शेजारी चप्पल न घालता धावत आले.

गुडघ्यावर लिंबाएवढा फोड आला. बायकोनं परत आल्यावर आधी कुकर बघितला, मग गुडघा, मग मला. "अहो, हा तुमचा बॉयलर नाही, गुडघा आहे!" ती ओरडली आणि साड्यांच्या पिशव्या तशाच टाकून रडायला लागली. लग्न माघात, म्हणजे तोंडावर आलेलं. फोड बरा होईपर्यंत शेक बंद, पट्टी बंद, वाकवणंही बंद. मला माझाच इतका राग आला की त्या रात्री मी जेवलो नाही. मुलगी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, खुर्चीत बसा ना. मला काही वाटणार नाही." तिनं समजूत काढली आणि मला जास्तच वाईट वाटलं.

फोड सुकला. बायकोनं पुन्हा धारहून पाला मागवला आणि यावेळी कुकर कुलपात ठेवला. मी एक शब्द न बोलता घोंगडीखाली बसत होतो. सासऱ्यासमोर बसलेला नवा जावईसुद्धा इतका गरीब नसेल.

लग्नाच्या सकाळी तिनं स्वतः शेवटचा शेक दिला. मांडवात मी पाटाजवळ उभा राहिलो, डावा हात बायकोच्या खांद्यावर टेकला आणि खाली गेलो. गुडघा कुरकुरला, दुखला, पण वाकला. मांडी पूर्ण नाही, पाऊण म्हणा. बसलो बुवा! समोर मुंडावळ्या बांधलेलं माझं पोर हसत होतं. खाली काशाचं भांडं, त्यावर जावयाची ओंजळ, त्यावर तिची, त्यावर माझी. बायकोनं धार धरली. पाणी माझ्या बोटांमधून तिच्या हातांत गेलं, तिथून त्याच्या. गुरुजी म्हणतील ते मी म्हणत गेलो. दिली मी मुलगी.

मग गुरुजी म्हणाले, "आता उठा." आणि बसण्याच्या नादात उठायचा विचारच कुणी केला नव्हता! गुडघा जागच्या जागी अडकला. बायकोच्या हातात झारी, मागे उभे असलेले लोक अक्षतांत गुंतलेले. मी पाटावर हात टेकून धडपडतोय तोवर समोरून हिरव्या चुड्याचा हात आला. आत्ताच, सगळ्यांदेखत, जो मी दुसऱ्याला देऊन टाकला होता तोच.

"द्या हात, बाबा. सावकाश."

मी धरला आणि उठलो. डोळ्यांत पाणी गुडघ्यामुळे आलं, असं मी अजून सगळ्यांना सांगतो.