अनसाकाकूंचे फिरते अंगण

बाळू मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या शेडमागे भंगाराचा एक ढीग आहे. तो कोणी मुद्दाम रचलेला नाही. कापून उरलेला पत्रा, वाकलेला अँगल, चुकीच्या मापाचे बिजागर, असे एकेक पडत गेले आणि ढीग झाला. किस्स्यांचेही तसेच होते. कळंबच्या रस्त्यावरील त्या शेडमध्ये गेल्या वर्षी जे एक काम झाले, त्यातून इतके तुकडे उरले आहेत की आम्ही चहाला बसलो की पहिल्या घोटाआधी एखादा निघतोच!

काम कोणते, ते आधी सांगितले पाहिजे. इंदापूरकडच्या निरवांगीचे श्रीपततात्या हे डाळिंबाचे बागाईतदार आणि माझे जुने स्नेही. लग्न झाले तेव्हा त्यांनी पत्नीला, म्हणजे साऱ्या गावाच्या अनसाकाकूंना, समुद्र दाखवण्याचा शब्द दिला होता. दोघांचीही सत्तरी उलटली, तरी शब्द तसाच राहिला. कारण एकच. बंद खोलीत काकूंचा जीव घुसमटतो. मुलाच्या पुण्यातील फ्लॅटमधून त्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या होत्या आणि लॉजचे नुसते नाव काढले तरी पदराने वारा घेऊ लागतात. तात्यांनी अखेरीस हट्टच धरला, तेव्हा काकूंनी अट घातली.

"माझं अंगण संगं येत आसंल, तर येते!"

दुसरा एखादा मनुष्य गप्प बसला असता. तात्यांनी सकाळी उठून बाळूला गाठले. "जीपच्या मागं लावायचं घर कर. अंगणासकट!"

बाळूने जन्मभर शेणखताच्या आणि मुरमाच्या ट्रॉल्या केलेल्या. त्याने तोंडावरची वेल्डिंगची ढाल वर सारली आणि अत्यंत गांभीर्याने विचारले,

"किती टनी, तात्या?"

*

नकाशाची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. पुढचे सर्व मी बारामतीच्या वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून स्वतः केले. तेथील रद्दीत एक परदेशी मासिक मिळाले. त्यातील चित्रांवरून मी चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद अशा 'फिरत्या घरा'चा आराखडा काढला. पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, जेवणाचे मेज, कपाट. एक इंचही जागा वाया गेली नव्हती!

काकूंनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला.

"समदं हाय, भावजी. पर वारं कुठनं येनार?"

मी खिडकीवर बोट ठेवले.

"खिडकीतनं वारं येतंय वो. शेजारीण येतीय का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या मासिकात नव्हते.

*

आमच्याकडे घर बांधण्याआधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून खोल्या आखतात. घर फिरते असले म्हणून काय झाले? बाळूने शेडसमोरच्या मोकळ्या जागेत माझा नकाशा खऱ्या मापाने आखला. तात्या म्हणाले, "आता एक दिवस हितं राहून बघू." काकूंनी भाकरीचे गाठोडे आणले आणि आम्ही चौघे त्या पांढऱ्या रेघांच्या आत सकाळपासून नांदू लागलो.

पहिल्याच तासात बाळू सरळ न्हाणीतून पलंगावर आला. "भिंत आहे तिथे!" मी ओरडलो. तो दचकून मागे सरला आणि चुलीत उभा राहिला.

दुपारी तात्या पाणी आणायला दारातून बाहेर पडले. काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "झालं. आलात ट्रकाखाली!"

आम्ही तिघेही इकडेतिकडे पाहू लागलो. ट्रक कुठेच नव्हता.

"येष्टीचं दार कुठल्या अंगाला आसतं, भावजी?"

"डाव्या."

"मग तुमी आमचं उजव्या अंगाला का काढलंय? गाडी कडंला थांबली, की दार रस्त्यात उघडनार. माझं अंगण डांबरीवर!"

मी घरी जाऊन मासिक पुन्हा उघडले. त्या देशात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. चित्र बरोबर होते. नकलेत मी देश बदलायचा विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी सर्वांसमक्ष मान्य केली. चूक मान्य करताना मनुष्याने पुटपुटू नये.

*

दार डावीकडे आले, परंतु अंगणाचे काय? आत जागा वाढवावी तर बाहेर काही उरत नव्हते, बाहेर वाढवावी तर आत पाय पसरता येत नव्हते. आठ दिवस आम्ही रेघा पुसत होतो आणि नव्या मारत होतो. बाळूचा चुना संपला. तात्यांनी पोते मागवले. "समुद्र काय आटत न्हाय," ते म्हणाले, "मारा फक्की!"

नवव्या दिवशी शेडमध्ये एक ट्रॉली दुरुस्तीला आली. बाळूने तिची कडी काढली आणि बाजूचा फाळका, म्हणजे कडेचा उघडता पत्रा, धाडकन खाली पाडला. काकू भाकरी थापता थापता थांबल्या.

"आरं बाळू, असा भिंतीचा फाळका पाडता येतोय का?"

बाळू उठला, टेप काढली आणि ती भिंत, म्हणजे रेघ, मोजू लागला. डाव्या बाजूची आठ फूट भिंत खालून बिजागरीवर बसवायची. थांबले की ती बाहेर पाडायची आणि खाली दोन टेकू द्यायचे. घराच्या जमिनीला लागून सरळ ओटा तयार! वर ताडपत्रीची पडवी. निघताना ओटा उचलला की पुन्हा भिंत. माझे मेज गेले, कपाट अर्धे झाले, शेगडी ओट्याच्या तोंडाशी आली. मी एकच आक्षेप नोंदवला, "परंतु आतली जागा फार कमी उरते."

"आत काय करायचं आसतं वो, भावजी?" काकू म्हणाल्या. "निजायचं. त्येला डोळं मिटावं लागत्यात, खोली दिसत न्हाय!"

*

काम अर्धे झाले असताना बाळूच्या मनात शंका आली. "तात्या, दार कुठल्या दिशेला म्हनायचं? लोक इचारतील."

तात्यांनी मनातल्या मनात घर रस्त्यावर चालवून पाहिले. इंदापूरहून बारामतीला जाताना डावे दार दक्षिणेला येत होते, परत येताना उत्तरेला.

"जाताना अशुभ, येताना शुभ," बाळू काळजीने म्हणाला.

तात्या म्हणाले, "मग जाताना थांबायचंच न्हाय!"

*

आता जो प्रसंग सांगतो त्यात दोष कोणाचा, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. घर तयार झाले. जीप यायची होती, म्हणून चाचणीपुरता बाळूने आपला ट्रॅक्टर जोडला. पलंग किती मऊ आहे, हे काकूंना दाखवण्यासाठी तात्या आत जाऊन आडवे झाले. काकू ओट्याच्या पायरीशी उभ्या होत्या. एक पाय उचललेला होता.

बाळूच्या हाताला तीस वर्षांची सवय. ट्रॉली जोडली की तो जॅकचा पाइप लावतो, पाइप लावला की दांडी ओढतो. त्या दिवशीही ओढली. घर करतानाही त्याने सवयीने खाली ट्रॉली उलटी करणारा जॅक बसवला होता आणि मागच्या बाजूला आपोआप उघडणारा फाळका! ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. त्याच्याही ध्यानात राहिली नव्हती.

घराचे तोंड सावकाश आकाशाकडे गेले. प्रथम पातेली आली. मग डबे. मग, मुरूम यावा तसे, गादीसकट तात्या आले आणि जुन्या चुन्याच्या रेघांमध्ये अगदी न्हाणीच्या जागी येऊन बसले.

"लागलं का हो?" मी धावलो.

तात्यांनी गादी चाचपली. "गादी चांगली हाय!"

परंतु काकूंनी उचललेला पाय मागे घेतला होता.

"वट्यावर बसंन. त्या ट्रॉलीत मी पाय ठिवायची न्हाय. मेले तरी न्हाय!"

"ट्रॉली नव्हे, वहिनी. घर," मी म्हणालो.

"घर आसं वततं व्हय मानसाला?"

बाळूने त्याच संध्याकाळी जॅक काढून भंगारात टाकला आणि मागची भिंत चारही बाजूंनी वेल्ड केली. काकूंचा निर्णय मात्र बदलेना. तात्यांनीही हट्ट सोडला नाही. ठरले असे, की समुद्राआधी मोरगावला एक मुक्काम करून पाहायचा. तेथे काकू आत गेल्या तर कोकण, न गेल्या तर घर परत शेडमध्ये. मग त्यात खत भरावे.

*

मोरगावला तात्यांच्या ओळखीच्या एका माणसाच्या पडीक रानात आम्ही घर उभे केले. बाळूने फाळका पाडला, टेकू दिले, ताडपत्री ताणली. मी हाताने दोन्ही टेकू हलवून पाहिले. काकूंनी ओटा झाडला, पुसला, खाली मातीवर पाणी शिंपडले आणि मांडी घालून ज्वारी निवडायला बसल्या. पाठ घराकडे. अर्ध्या तासात शेळ्या राखणाऱ्या दोन बाया ओट्याला टेकल्या. एकीने माहेर विचारले, दुसरीने गुडघ्याचे औषध सांगितले. काकू दोघींना हसून उत्तरे देत होत्या, मात्र मागे वळून पाहत नव्हत्या.

तात्या दूर बांधावर बसून होते. "शेजारीण मिळाली," ते मला हळूच म्हणाले. "आता आत कशाला जाईल ती?" इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा पडलेला ऐकला नव्हता.

तेवढ्यात एक शेळी ओट्यावर चढली. काकूंनी "हाऽड!" केले. शेळी खाली उतरण्याऐवजी आत गेली. पिठाचा डबा आतच होता.

डब्याचे झाकण पडल्याचा आवाज आला. काकू सूप टाकून उठल्या आणि शेळीमागे धावत आत शिरल्या!

आम्ही तिघे बांधावर उभे राहिलो. शेळी बाहेर आली, तोंड पांढरे करून. काकू आल्या नाहीत. आतून पातेली सरकवल्याचा आवाज येत होता. मग झाडूचा. मग काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्याचा.

तात्यांना राहवेना. ढेकळे तुडवत ते धावत गेले, मातीने भरलेल्या चपलांसकट ओट्यावर चढले आणि आत डोकावले.

आतून आवाज आला तो थेट बांधापर्यंत,

"त्या चपला खाली काढा आधी! घर हाय का ट्रॉली?"