दिवेलागणीचा कोळी

कोळ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि वय वाढलं म्हणून ते काही सुधारलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही तंजावरात, तिरुवैयारुच्या रस्त्याला घर बांधलं. त्याआधी तिथे भात पिकत होता. कोपऱ्यावर ‘नगर’ अशी पाटी लागली म्हणून काही जुन्या रहिवाशांनी जागा सोडली नाही, ते आमच्यातच राहायला आले. न्हाणीघरात लांब, काटकुळ्या पायांचे, फुंकर मारली की थरथरणारे कोळी. ते बिचारे असोत. खिडकीत उड्या मारून माश्या धरणारे, नखाएवढे, तेही चालतील. तिसरा मात्र तळहाताएवढा, चपटा, मातकट. जाळं विणायचे कष्ट नाहीत, भिंतीवर नुसता बसून राहणार. कोळ्याला आठ डोळे असतात म्हणे. ते सगळे माझ्यावरच रोखलेले असत.

हा तिसरा नेमका मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत. ती बारावीत. त्या दिवसांत जो तो कॉम्प्युटर इंजिनियर व्हायला निघालेला, तीही. आणि परीक्षा तोंडावर. एका सकाळी ती मानेवर लालभडक फोडांची ओळ घेऊन उठली. बायकोने एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "कोळी फिरलाय अंगावरून."

पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हे काम भातातल्या एका किड्याचं. कापणीच्या दिवसांत तो ट्यूबलाइटकडे येतो, अंगावर चिरडला की फोड उठतात. ती झगझगीत ट्यूब मीच हौसेने लावलेली. पण म्हणून कोळ्याची माफी मागावी, असं मला आजही वाटत नाही.

"अप्पा, तो आहे तोवर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही," मुलगी म्हणाली. "मार्क कमी पडले तर त्यालाच विचारा."

दिवसभर तो लोखंडी कपाटामागे दडून राही. बायकोच्या साड्या आणि पितळी भांडी पोटात घेतलेलं ते कपाट हलवणं माझ्या बापाच्याने झालं नसतं. बाहेर यायचा तो बरोबर दिवेलागणीला. आणि आमच्याकडे देवापुढे दिवा लागला की केरसुणीला हात लावायचा नाही. लक्ष्मी निघून जाते. हा नियम त्या आठ पायांच्या प्राण्याला आमच्याइतकाच पाठ असावा.

मी शेजारून ओट्टडै-कुच्ची आणली. म्हणजे जाळी काढायची लांब काठी, टोकाला काथ्याचा झुपका.

"ती ठेवा खाली," बायको म्हणाली.

"ही केरसुणी नाही."

"टोकाला काय आहे?"

"काथ्या."

"मग केरसुणीच की! उंच झाली म्हणून काय झालं?"

"बरं, चप्पल घेतो."

"सरस्वतीच्या तसबिरीसमोर? घ्या, घ्या ना! पोरीची परीक्षाच आहे, घ्या!"

शेवटी ताडाचा पंखा मंजूर झाला. तो घेऊन मी खुर्चीवर चढलो. मायलेकी दारात. कोळ्याने पोटाशी पांढरी गोल चकती धरली होती, देवळातून पेढा पळवल्यासारखी. चकती कसली, याचा विचार करण्याइतका मी शांत नव्हतो. हाणला पंखा. कोळी सटकला, फुटली ती चकती. तिच्यातून पिल्लं सांडली, मोहरीची पुडी फुटावी तशी, आणि भिंतीवरून, टेबलावरून, उघड्या फिजिक्सच्या गाइडवरून चौफेर धावत सुटली.

"अप्पा!" मुलगी किंचाळली. "एक होता! एकच होता!"

"पोदुम," बायको म्हणाली. पुरे झालं, हे ती मराठीत सांगत असे तोवर समेटाची आशा असायची.

मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि केरसुणी घेऊन आली. बायको दारात आडवी उभी राहिली.

"दिवा लागलाय."

"मग विझव."

आमच्या घरात दिवा शांत करतात. ‘विझव’ हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. बायकोचा हात दारावरून आपोआप खाली आला. मी वर पंखा धरून उभाच.

मुलीने भिंत झाडली, टेबल झाडलं, गाइड उलटं धरून आपटलं. कपाटामागे केरसुणी खुपसली आणि तो मोठाही ओढून काढला. कोळी नव्हे, कोळीणच ती. तिला जमिनीवर चेचून, सगळा केर पुढच्या दाराने, दिवा जळत असताना, थेट रस्त्यावर नेऊन टाकला. परत आली, हात धुतले.

"अप्पा, उतरा. आणि बाहेर जा."

मी उतरलो. आतून कडी लागली, आणि रागाने भरलेल्या आवाजात फिजिक्स सुरू झालं. बायको देवापुढे बसून वातीला तेल घालत राहिली, माझ्याकडे पाठ करून.

जेवणाची वेळ झाली, रसम निवून गेलं. मुलीला हाक कुणी मारायची, यावरून आमचं पुन्हा जुंपलं.