जुना फोन वाजला तेव्हा

मोबाइल आणि टॉवरनं एकमेकांशी कसं बोलावं, याचे नियम आम्ही सुधारत होतो. चाचणीला सहकारी सुलभाताईंनी बटणांचा जुना फोन आणला, गावी त्यांच्या आईकडे आहे तसाच. नव्या नियमांपुढे तो मुकाच झाला.

"जुने फोन सोडून देऊया," मी म्हणालो.

"मग आईनं माझ्याशी बोलायचं कसं?"

मी ओशाळलो. आम्ही नवी माहिती टॉवरकडून फोनला जाणाऱ्या संदेशाच्या अगदी शेवटी नेली. मग मी माझ्या मोबाइलवरून जुन्या फोनचा नंबर लावला. कळेल तेवढं वाचून त्यानं बाकीचं सोडून दिलं आणि तो खणखणून वाजला! माणसंही एकमेकांचं सगळं कुठं समजून घेतात? तरी गप्पा रंगतातच.

सुलभाताईंनी फोन उचलला. "हॅलो, कोण?"

मी समोरच उभा होतो, तरी आनंदानं ओरडलो, "मी! मी बोलतोय!"