छातीत सरकणारं काहीतरी

माझा देवावर विश्वास नव्हता. त्याहून वाईट म्हणजे माझा स्वतःवर फार विश्वास होता. वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतले, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवत वाढले. ते गेल्यावर पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. आई मात्र दर शुक्रवारी पडेगावातल्या आमच्या गल्लीतल्या देवीच्या आरतीला जायची.

गेल्या वर्षी ती आरतीनंतर जमिनीला डोकं टेकवायला वाकली आणि उठताना पांढरीफटक पडून कलंडली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. बायकांनी ठरवून टाकलं, हिच्या अंगात येतं. तिच्या पायांवर कुंकू पडायला लागलं, कुणी सुनेला दिवस कधी जातील हे विचारायला लागलं. आई हात झटकायची. "अगं, अंगात काय येत नाय माझ्या. वाकलं की छातीत काहीतरी सरकतं."

बायकांनी ते ऐकलं नाही. मीही नाही. मला वाटलं, चारचौघींत मान मिळतोय म्हणून ती सोंग करते. मी रागानं 'अंगात येणं थांबवा' असं पत्रक लिहिलं आणि देवळाच्या दारात उभं राहून वाटलं. आई आत बसली होती. ती बाहेर पडताना एक प्रत मी तिच्याही हातात दिली.

त्यानंतर चार-पाच शुक्रवारांनी तिचा डावा हात लुळा पडला, बोलणं जडावलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो निघाला. रक्तवाहिनीत काहीतरी अडकलं होतं. ते कुठून आलं हे बघायला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करायचा होता. पण नंबर परवाचा मिळाला. व्हरांड्यात स्ट्रेचरवर आई पुटपुटत होती, "सरकतंय गं." मी म्हणाले, "आई, ते देवीचं आता तरी बंद कर."

शेजारून एक बाई डबा घेऊन जेवायला चालल्या होत्या. त्या थांबल्या. "क्या सरकता अम्मा? कब सरकता?"

"वाकल्यावर," आई म्हणाली. "कुशीवर झालं तरी."

त्या इको काढणाऱ्या बाई होत्या. डबा खिडकीत ठेवून त्यांनी स्ट्रेचर स्वतः आत ढकललं. आईला डाव्या कुशीवर वळवून छातीवर यंत्र टेकवलं. पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्यात एक गाठ देठाला लटकली होती. प्रत्येक ठोक्याला ती झडपेच्या तोंडातून खाली सरकायची, परत वर यायची. आई म्हणत होती तेच, तसंच. अशी गाठ क्वचितच दिसते, असं मोठे डॉक्टर म्हणाले. तिचा एक तुकडा मेंदूत गेला होता. दुसरा कधीही सुटला असता. परवापर्यंत थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच छाती उघडून गाठ काढली. त्या बाईंचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "मैंने क्या किया? अम्मा तो कबसे बता रही थी."

त्या वाक्यानं माझं जे झालं ते कुठल्या शापानं झालं नसतं.

आई वाचली. डावा हात गेला. गल्लीतल्या बायका म्हणतात, देवीनं तारलं. मला अजून त्यांचा राग येतो, पण तो त्यांना ऐकवायचा माझा हक्क मीच घालवलाय. त्यांनी आईची देवी केली, मी सोंगाडी केली. आजारी बाई कुणालाच दिसली नाही. कृपा मी एकदाच पाहिली. ती भुकेली होती, तिच्या हातात डबा होता आणि तिनं थांबून विचारलं. शरण जाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा थोडं कळलं. आपल्याला आधीच सगळं कळलंय, हे सोडून देणं.

घरी आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी देवळातली आरती घरात ऐकू आली. आईनं हात जोडायला उजवा हात छातीशी नेला. डावा मांडीवरच पडून राहिला. ती त्याच्याकडं बघत होती.

"ते पत्रक माझ्यावरच होतं ना गं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"चांगलं लिहिलंतंस." मग म्हणाली, "इकडं ये. हात दे तुझा."

मी शेजारी बसून माझा डावा तळहात तिच्या उजव्याला लावला.

"मनात काही म्हणू नको," आई म्हणाली. "तुला नाय पटायचं. नुसता धर."

आरती संपली, घंटा थांबली, तरी मी हात काढला नाही.