घंटीची वाटी

माझी आत्या इस्पितळामागच्या सायकलतळावर राखणीला बसायची, तीही डोळे मिटून. "राखण करतेस की झोपा काढतेस?" असं कुणी विचारलं, की डोळे न उघडताच म्हणायची, "तुझी सायकल गेली का? नाही ना? मग चालू लाग."

ती येण्याआधी तिथून सारख्या सायकली पळायच्या. कुलपं तोडलेली, साखळ्या कापलेल्या. आत्यानं शक्कल लढवली. सायकल लावली, की घंटीची वरची वाटी फिरवून काढायची आणि मालकाच्या हातात द्यायची. निघताना त्यानं ती बसवायची, घंटी वाजवायची, मगच फाटकाबाहेर पडायचं. प्रत्येक घंटीचा आवाज निराळा आणि आत्याला तो पाठ. घंटी न वाजता चाकं फिरली, की ती ताडकन उठायची. चोरांनी तो रस्ताच सोडला.

दुपारी तिच्याजवळ बसलं, की मलाही गुंगी यायची. ऊन हळूहळू सरकायचं, चाकांचे आरे चमकायचे, कुठेतरी घंटी किणकिणायची आणि आत्या झोपेतल्यासारखी पुटपुटायची, "औषधवाला निघाला."

मग तिचे कान जाऊ लागले. फक्त मला सांगितलं, तेही दम देऊन. "कुठे बोललीस तर बघ! हा तळ सुटला तर काय दिवसभर भिंती बघत बसू?" तेव्हापासून ती डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. लोक म्हणाले, चला, बाई जागी झाली एकदाची. मला रडू यायचं.

एकदा रोजच्या सिस्टर पाळी संपवून निघाल्या. आत्या पाठमोरी होती. त्यांनी घंटी चांगली दोनदा वाजवली, मी ऐकली. आत्या वळली ती धावलीच आणि तिनं कॅरियर धरलं. "चोर! चोर!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो मावशी, आत्ताच तर वाजवली," सिस्टर म्हणाल्या. आत्या त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला.

सिस्टरना कळलं. त्यांनी आत्याचा हात ओढून हँडलवर, घंटीला लागून ठेवला आणि घंटी वाजवली. आत्याच्या बोटांत बारीक थरथर उतरली. तिनं डोळे मिटले.

"वाजली," ती म्हणाली.

आता जो तो फाटकाशी थांबतो, तिचा हात हँडलवर ठेवतो, घंटी वाजवतो. एकटा औषधवाला खोळंबा होतो म्हणून कुरकुरतो. आत्या बंद फाटकाला पाठ टेकून पुन्हा डोळे मिटून बसते.

काल मी माझी घंटी वाजवली, तर तिनं हात काढलाच नाही.

"अजून एकदा वाजव," ती म्हणाली. "तुझ्या घंटीचा आवाज आठवून बघतेय."